काच फुंकणाऱ्याच्या खिशातला निळा पंप

“मी मेलोय का? नाही ना? मग संत लुकाची मेणबत्ती याच घरात लागणार!”

“बाबा, तू फाटकापर्यंत जाऊन येतोस तर वाटेत दोनदा बसतोस. यजमानाला दिवसभर उभं राहायचं असतं. कशाच्या जोरावर उभा राहणारेस तू?”

“ह्याच्या!” म्हातारा ओरडला. त्याने बंडीच्या खिशात हात घातला आणि खस्सकन मला बाहेर काढलं.

मित्रांनो, ते ‘ह्याच्या’ म्हणजे मी! काय भारी वाटलं सांगू! म्हटलं, आता दाखवतोच या पोराला. म्हाताऱ्याने आ वासला, मला तोंडापासून वीतभर लांब धरलं आणि दाबलं. फुस्स! मी जीव खाऊन सुटलो. टाळूवर आपटलो, जिभेवर घसरलो आणि आलो तसा परत बाहेर! खुर्चीवरची मांजर शिंकली. छातीत किती गेलं? काही नाही. एक कण नाही.

“बघ,” पोरगा म्हणाला, “नुसता धूर निघतोय. हा पंपसुद्धा कामातून गेलाय.”

कामातून गेलाय? मी? अरे, माझं डोकंच सटकलं! पण मला तोंड आहे ते औषध सोडायला, बोलायला नाही. तेव्हा गप्प बसावं लागलं. आज मात्र बोलणार. आज घरात गर्दी आहे, गाणं चाललंय, मी खिशात आहे आणि मला थोडी फुरसत आहे. भराभर सांगतो. मध्ये कुणी बोलू नका.

तर मी एक निळा पंप. श्वास अडला की माणसं ज्याला धरतात ना, तो. एका मोठ्या कारखान्यात जन्मलो. बोटभर लांबीचा ॲल्युमिनियमचा डबा, आणि त्यात औषध आणि वायू असं ठासून ठासून भरलेलं, की हलायला जागा नाही. तुम्हाला कुणी असं दाबून भरलं असतं तर तुम्हीपण तापटच झाला असता. वरून निळा अंगरखा चढवला, तोंडाला टोपी घातली आणि खोक्यात टाकलं. औषधांच्या दुकानात माझी गाठ पडली माझ्या थोरल्या भावाशी. तो तपकिरी. स्वभावाने एकदम थंड. त्याचं काम रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी, दम लागलेला असो नसो. माझं काम धावून जायचं. दम लागला की मी! आम्हा दोघांना एकाच कागदी पिशवीत घालून देसांकाबाईने घरी आणलं, तिच्या नवऱ्यासाठी. म्हणजे रादिसावसाठी.

रादिसाव काच फुंकणारा. आमचं सर्बियातलं हे गावच काचेचं. नदीकाठी कारखाना, आणि गावातल्या प्रत्येक कपाटात रादिसावने फुंकलेलं काहीतरी आहेच. कुणाच्या लग्नातली सुरई, कुणाच्या आजीची फुलदाणी. त्याचे गाल बघा एकदा! वर्षानुवर्षं फुगवून फुगवून जुन्या पिशवीसारखे सैल झालेत. हात अजून दगडासारखे, पण छाती गेलेली. सिगारेटला कधी शिवला नाही हा माणूस, आणि आमच्या गावात हे ऐकून लोक खोटं बोलतोय म्हणतात. भट्टीचा धूर आणि वाळूची धूळ, दोघांनी मिळून छाती खाल्ली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, हा आजार जाणार नाही. पण औषध आत पोचलं तर चालता येईल, उभं राहता येईल, जगता येईल.

पोचलं तर! सगळी भानगड तिथेच होती.

आणि उभं राहायचं होतं ते स्लावासाठी. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि वर्षातून एकदा त्याचा दिवस येतो, त्याला स्लावा म्हणतात. रादिसावच्या घराण्याचा संत लुका, ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी. त्या दिवशी यजमान मेणबत्ती लावतो, पाद्रीबाबांबरोबर गोल पाव कापतो आणि मग येणाऱ्या जाणाऱ्याला स्वतःच्या हाताने वाइन ओततो. पाहुणे बसतात, यजमान बसत नाही. जो बसला, त्याने मेणबत्ती मुलाच्या घरी द्यायची आणि पुढच्या वर्षीपासून स्वतः पाहुणा म्हणून जायचं. नेबोयशा, म्हणजे तो भांडणारा पोरगा, निश शहरात राहतो, चौथ्या मजल्यावर. तिथे मेणबत्ती गेली की रादिसाव पाहुणा! आपल्याच संताला पाहुणा! म्हातारा त्यापेक्षा भट्टीत उडी मारेल.

त्या भांडणाच्या दिवशी शेवटी नेबोयशा दारात उभं राहून म्हणाला, “ठीक आहे. लुकाच्या दिवशी तळघरातून वाइनची सुरई तू स्वतः वर आण. न बसता. आणलीस तर मेणबत्ती तुझी. नाही आणलीस तर माझी. मान्य?”

“मान्य! आणि त्या दिवशी जरा चांगला शर्ट घालून ये, भिकाऱ्यासारखा येऊ नकोस,” म्हातारा म्हणाला, आणि पुढची पाच मिनिटं त्याला एक शब्द बोलता आला नाही. नुसता धापा टाकत होता.

सप्टेंबर संपत आला होता. आणि या माणसाला मला वापरताच येत नव्हतं!

काय काय सोसलं मी, विचारू नका. पहिल्याच दिवशी टोपी हरवली. खिशात सूर्यफुलाच्या बिया. एक सोललेली बी माझ्या तोंडात येऊन बसली. देसांकाने बघितली म्हणून बरं, नाहीतर पुढच्या फवाऱ्याबरोबर ती थेट म्हाताऱ्याच्या घशात गेली असती. हलवायचं तर कधीच नाही. औषध तळाशी, वायू वर आणि हा दाबतोय, फुस्स, फुस्स, फुस्स, कपड्यांना अत्तर मारल्यासारखा. भावाचीही तीच गत. तो बिचारा काही बोलत नाही. माझा मात्र नुसता जळफळाट.

आणि सल्ले! शेजारचा तिहोमिर, भट्टीवरचा जुना जोडीदार, रोज येतो. नावाचा अर्थ शांत, पण त्याचा आवाज नदीपलीकडे ऐकू जातो. तो म्हणायचा, “फेकून दे ते खेळणं. कोबीचं पान रकियात भिजवून छातीवर बांध.” रकिया म्हणजे घरी गाळलेली दारू. आमच्याकडे ती पितात, चोळतात आणि उरली तर खिडक्या पुसतात. देसांकाचं वेगळंच. दोन खिडक्या एकदम उघड्या दिसल्या की ती किंचाळायची, “वारा! समोरासमोरचा वारा! मारायचाय का याला?” आणि धाडकन बंद. आत स्वयंपाकाची वाफ, म्हातारा खोकतोय, आणि सगळे माझ्याकडे बघून म्हणतायत, यात बहुतेक पाणीच भरलंय.

पाणी!

मग एक दिवस आली रुझिका. घरोघरी जाऊन आजाऱ्यांना बघणारी सिस्टर. सायकलवरून येते, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. आल्या आल्या तिने खिडकी उघडली. देसांकाने लावली. तिने पुन्हा उघडली. मग मला हातात घेतलं, तोंड कपड्याने स्वच्छ पुसलं आणि पिशवीतून एक नवी टोपी काढून घातली. मित्रांनो, तिथेच मी तिचा झालो.

“रादेकाका, घ्या बघू. रोज घेता तसं.”

त्याने घेतलं. फुस्स. मांजर शिंकली.

“छान,” रुझिका म्हणाली, “मांजराला आता कधी दम लागणार नाही. आता माझं ऐका. आधी हलवा. मग आतला श्वास सावकाश बाहेर सोडा. ओठ याच्या तोंडाभोवती घट्ट. आत ओढायला लागा आणि ओढता ओढताच दाबा. हळू ओढा, खोल. मग थांबा. श्वास धरून ठेवा.”

म्हाताऱ्याने शहाण्या मुलासारखं सगळं केलं. हलवलं. श्वास सोडला. ओठ घट्ट. मी तयार, एकदम सज्ज, आता जाणार आत! त्याने दाबलं आणि मी सुटलो. समोर भिंत! गाल फुगलेले, घसा बंद, आणि श्वास चाललाय नाकातून! मी तोंडातच गरगर फिरलो आणि ओठांच्या फटीतून बाहेर आलो.

“ओढला नाहीत तुम्ही.”

“ओढला!”

“नाकाने ओढलात. तोंडाने ओढा.”

पुन्हा केलं. पुन्हा नाकाने. आता म्हाताऱ्यालाच कळेना. “मी ओढतोय गं बाई! मी मनात म्हणतोय ओढ, पण ते ओढतच नाही!”

दारात तिहोमिर सिगारेट घेऊन उभा होता. तो हसायला लागला. इतका हसला, इतका हसला की खोकून लालबुंद झाला.

“सिस्टर, हा जन्मात ओढणार नाही. भट्टीवर पहिल्याच दिवशी उस्तादाची थप्पड खाल्लीय याने. मीपण खाल्लीय. फुंकणी तोंडात असताना श्वास आत घ्यायचा नाही! टोकाला वितळलेली काच असते, तिथली गरम हवा थेट नरड्यात येते. नाकाने घ्यायचा, तोंडाने सोडायचा. आयुष्यभर तेच केलंय. आता तोंडात नळी आली की याचा घसा आपोआप दार लावून घेतो.”

“मग तुमचा का नाही लावत?”

“मी सिगारेट ओढायला शिकलो ना! याला तेव्हाच म्हणत होतो, शीक, पुढे उपयोगी पडेल.”

“तुमची छाती मला इथून ऐकू येतेय, तिहोमिरकाका. बुधवारी दवाखान्यात या. सिगारेट बाहेर टाकून या.”

तिहोमिरचं हसू जागच्या जागी बंद झालं. मला फार मजा आली.

पण प्रश्न तसाच. रुझिकाने कपडे वाळत घालायचा चिमटा आणायला लावला आणि म्हाताऱ्याच्या नाकाला लावला. म्हटलं, आता कुठे जाशील? नाक बंद, आता तोंडानेच ओढावं लागेल. त्याने ओठ लावले, दाबलं, आणि मित्रांनो, त्याने फुंकलं! माझ्यात! पूर्ण जोराने, फुलदाणी फुगवावी तसं! माझं औषध माझ्याच नाकातोंडात. देसांका तोंडाला पदर, म्हणजे एप्रन लावून हसत होती, तिहोमिर भिंतीला टेकला होता, आणि नाकावर लाकडी चिमटा लावलेला रादिसाव, ज्याच्यासमोर एकेकाळी आख्खी भट्टी चळाचळा कापायची, तो सगळ्यांकडे बघत राहिला. मग चिमटा उपटला आणि मला उघड्या खिडकीतून भिरकावून दिलं.

“देऊन टाका मेणबत्ती त्याला! झालं! बसतो मी!”

मी अंगणात पडलो तो लाल मिरच्यांच्या टोपलीत. आमच्याकडे त्या दिवसांत प्रत्येक अंगणात मोठ्या गोड मिरच्या भाजतात, सोलतात आणि त्यांची चटणी बरण्यांत भरून हिवाळ्याला ठेवतात. सगळं गाव धुराने भरलेलं. मिरच्यांच्या ढिगात मी घसरत घसरत खाली गेलो. वरून देसांकाचा हात आला. एक मिरची उचलली, पत्र्यावर टाकली, चर्रर्र! दुसरी, चर्रर्र! खाली जाळ. आणि माझ्या पोटात दाबलेला वायू! विस्तवावर पडलो असतो तर काय झालं असतं ते विचारूच नका. पत्रा, मिरच्या, देसांका, सगळंच उडालं असतं. हात जवळ येत होता. मी ओरडत होतो, पण ऐकतंय कोण? तिची बोटं मला लागली. तिने उचललं. पत्र्याच्या वर धरलं.

आणि थांबली.

“रादिसाव!” तिचा आवाज असा फाटला की कबुतरं उडाली. “तुझा पंप भाजून घालू का चटणीत? ये, सोलायला तरी ये!”

म्हातारा बाहेर आला. धुरामुळे पुन्हा दम लागला, ओट्यावर बसावं लागलं. तिने मला पुसलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. नंतर बऱ्याच वेळाने ती हळू म्हणाली, “मला पाहुणी व्हायचं नाही, रादे. त्या चौथ्या मजल्यावर खुर्चीत बसून दुसऱ्या कुणाकडे मागून खायचं. मला नाही जमणार.” तो मिरच्या सोलत राहिला. खरंच सांगतो, तेव्हा माझा सगळा राग उतरला होता.

ऑक्टोबरच्या मध्यावर रुझिका पुन्हा आली. देसांकाने बोट दाखवलं, “खाली तळघरात आहेत दोघं. वाइन चाखतायत. मी काही बोलत नाही.”

तळघराच्या दगडी पायऱ्या उतरून ती दारात आली. मी खिशातून बघत होतो. थंडगार अंधार, आंबट गोड वास, पिंपं ओळीने. तिहोमिर पेला घेऊन उभा. रादिसावच्या हातात नातेगा होती. म्हणजे काचेची लांब नळी, मध्ये तिला एक फुगा. टोक पिंपात बुडवायचं, वरून तोंडाने वाइन ओढून घ्यायची, फुगा भरला की वर अंगठा दाबायचा आणि उचलून पेल्यात सोडायची. ही त्यानेच फुंकलेली होती.

त्याने ओठ लावले. आणि ओढायला लागला. हळू... सावकाश... घाई केली तर वाइन उसळून नाकात जाते ना, म्हणून एका लयीत, लांबच लांब. छाती उचलली जात होती, बंडीची बटणं ताणली जात होती. फुगा लाल होत होत भरला. अंगठा वर. तो थांबला. श्वास धरून, डोळे बारीक करून रंग बघत राहिला.

अरे! अरे ओढतोयस की! अरे तेच तर! मी खिशात नुसता तडफडत होतो!

“तस्संच!” रुझिका दारातून ओरडली.

म्हातारा दचकला, अंगठा सुटला आणि सगळी वाइन तिहोमिरच्या बुटात.

“काय तस्संच? काय गं हे, नव्या वाइनचं वाटोळं केलंस!”

“आत्ता काय केलंत तुम्ही?”

“वाइन ओढली.”

“तोंडाने?”

“मग काय कानाने?”

“तोंडात नळी होती, काका. आणि तुम्ही आत ओढलंत. घशाने दार लावलं नाही.”

रादिसावने नातेगाकडे बघितलं. मग तिहोमिरकडे. तिहोमिर बूट झटकत म्हणाला, “ती आगीची नळी, ही वाइनची. फरक नको का?”

“मग हीपण वाइनचीच,” रुझिका म्हणाली आणि मला खिशातून काढलं. “डोळे मिटा. पिंपासमोर उभे राहा. वास घ्या. हं, आता हलवा. श्वास सोडून द्या, बाजूला, यात नाही. ओठ लावा. पिंपातली नवी वाइन आहे. ओढा. हळू. नाकात उसळली तर तुमची तुम्ही बघा. दाबा!”

त्याने दाबलं. आणि मित्रांनो, दार उघडं होतं!

मी सुटलो! जिभेवरून सरळ, टाळूला न शिवता, घशातून खाली! असा लांब सावकाश वारा मला आत ओढत होता. मोठी वाट, मग तिच्या दोन वाटा, मग चार, मग इतक्या बारीक की काय सांगू! जिथे कधी पोचलो नव्हतो तिथे पोचलो! सगळं आखडलेलं, बंद, मिठी मारून बसलेलं, आणि मी म्हणत होतो, सोड, सोड, मोकळी हो! वरून रुझिकाचा आवाज येत होता, “अंगठा! वर अंगठा दाबून ठेवा!” आणि म्हाताऱ्याने खरंच अंगठा स्वतःच्या ओठांवर दाबून धरला होता. श्वास आत थांबलेला. तेवढ्या वेळात मी प्रत्येक गल्लीत शिरलो.

मग त्याने सोडला. बाहेर मांजर नव्हती शिंकायला. धूरही नव्हता. काहीच वाया गेलं नव्हतं.

त्याने मला नीट खिशात ठेवलं. मग म्हणाला, “देसांकाला बोलाव.”

“का? बरं वाटत नाही का?” तिहोमिर घाबरला.

“बोलाव रे गाढवा. तिला सांगायचंय.”

त्या दिवसापासून घरात नवी पद्धत सुरू झाली. सकाळी आणि संध्याकाळी थोरला भाऊ, नंतर तोंड धुवून चूळ. दम लागला की मी. दोन फवारे घ्यायचे असले तर मध्ये जरा थांबून, आणि दर वेळी आधी हलवून. दर वेळी अंगठा ओठांवर, सवयच लागली. लोक हसायचे. हसू देत. रोज अंगणात चालणं, रुझिकाने शिकवलेलं ओठ आवळून सावकाश श्वास सोडणं. तेवढं मात्र त्याला जन्मापासून येत होतं! म्हातारा काही जवान झाला नाही. मी जादू नाही, मित्रांनो, खोटं सांगणार नाही. छाती गेली ती गेलीच. पण फाटकापर्यंत जाऊन आला आणि बसला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. भाऊ म्हणाला, हळूहळू होतंय. मी म्हटलं, हळूहळू काय, पळतोय तो!

आणि आज उजाडला लुकाचा दिवस.

सकाळपासून घर नुसतं उकळतंय! कोबीच्या पानातले खिम्याचे रोल शिजतायत, साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू ताटात, गोल पाव टेबलावर. नेबोयशा निशहून आला. चांगला शर्ट घालून आला. हातात पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारी उंच पिवळी मेणबत्ती! घेऊनच आला होता, न्यायच्या तयारीने! माझं डोकं असं तापलं! देसांकाने ती बघितली आणि चुलीकडे वळली.

पाद्रीबाबा आले. पाहुणे अंगणात द्राक्षांच्या मांडवाखाली उभे. रादिसावने टेबलावरची रिकामी सुरई उचलली.

“येतो,” म्हणाला.

खाली उतरणं सोपं. पिंप, सुरई भरली, ती काचेची, जड. मग वर चढणं. एक पायरी. दुसरी. मी खिशात प्रत्येक ठोका ऐकत होतो. अर्ध्यावर श्वास अडला. मला तो आवाज ओळखू येतो, शिट्टीसारखा. त्याने खांदा भिंतीला टेकवला. वरून तळघराच्या दारात नेबोयशाचं डोकं दिसलं. त्याच्या मागे तिहोमिर, मागे पाहुणे. सगळे बघतायत. पोरगा धडाधड दोन पायऱ्या खाली आला, हात पुढे केला.

“बाबा, दे इकडे. पुरे झालं. बस खाली.”

देसांकाने वरून मानेनेच ‘नको’ म्हटलं.

म्हाताऱ्याने सुरई डाव्या हाताने छातीशी धरली आणि उजवा हात खिशात घातला. लाज वाटली असेल? वाटली असेलच. आख्ख्या गावासमोर! पण त्याने मला काढलं. अंगठ्याने टोपी उडवली, ती पोराने झेलली. हलवलं. श्वास सोडला, बाजूला. डोळे मिटले. ओठ घट्ट. ओढत ओढत दाबलं.

मी गेलो! असा गेलो की बस!

अंगठा ओठांवर. मग त्याने श्वास सोडला, थांबला, पुन्हा हलवलं, पुन्हा एकदा. मी गल्ली गल्ली धावलो. शिट्टी बारीक झाली. आणखी बारीक. त्याने टोपी लावायला मला नेबोयशाच्या पुढे धरलं, कारण त्याचा दुसरा हात सुरई धरण्यात गुंतला होता. पोराने मला घेतलं. टोपी लावली. मग त्याने मला परत बापाच्या खिशात नीट ठेवलं.

म्हातारा चढला. एक. एक. एक. वर आला, सुरई टेबलावर ठेवली, एक थेंब सांडला नाही.

“बाबा, तू थांबलास मध्ये,” नेबोयशा म्हणाला.

“थांबलो,” रादिसाव म्हणाला. “बसलो का?”

तिहोमिर इतक्या जोरात ओरडला की पाद्रीबाबांच्या हातातलं पुस्तक पडलं. देसांकाने भिंतीतल्या फडताळातून आपली मेणबत्ती आणली आणि रादिसावने ती लावली. आता चौघंजण पाव धरून गोल फिरवतायत, गातायत. नेबोयशा बापाच्या शेजारी उभा आहे, सूर चुकतोय पण गातोय. आणि मी खिशात.

मित्रांनो, माझ्या पोटात आता फार काही उरलेलं नाही. हलवलं की कळतं, हलकं हलकं लागतं. थोड्या दिवसांनी माझ्या जागी नवा येईल, तोही निळा, तोही तापट. मला वाईट नाही वाटत. बरं, थोडं वाटतं. पण तुमच्या घरी कुणाच्या खिशात माझा भाऊबंद असेल, तर त्याला एकदा बघा. टोपी आहे का? तोंडात कचरा आहे का? आणि आजोबा दाबतात तेव्हा धूर बाहेर येतो की छाती वर उचलली जाते? धूर दिसला तर पंपाला शिव्या देऊ नका. आजोबांनाही नको. सिस्टरला बोलवा आणि नीट शिकून घ्या. कधी कधी आजोबांच्या अंगात चाळीस वर्षांची दुसरीच सवय बसलेली असते, आणि तिला समजावायला नुसतं ‘ओढा, ओढा’ म्हणून भागत नाही. शोधावं लागतं, की हा माणूस आयुष्यात कशाला तोंड लावून सावकाश, आनंदाने आत ओढत आलाय. ते सापडलं की...

थांबा. फाटक वाजलं. आणखी पाहुणे, आठ-दहा जण तरी! आणि पाव कापून, सगळ्यांना वाइन ओतून सुरई रिकामी! नेबोयशा उठला, “मी आणतो.”

“बस,” रादिसाव म्हणाला. “पाहुणा आहेस तू.”

त्याने सुरई उचलली. निघालाय तळघराकडे, पायऱ्या आल्या. मित्रांनो, मला आता जायला हवं!